सालई गुग्गुळातील संयुगांची कर्करोगविरोधी चाचणी : पदव्युत्तर प्रकल्प कसा आखावा

ठाणे आणि नवी मुंबईतील रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे प्रकल्पाचा विषय निवडण्याची वेळ येते तेव्हा ‘वनस्पतीच्या राळेतील संयुगांचा कर्करोगविरोधी परिणाम’ हा विषय अनेकांना खुणावतो. त्यामागे कारणही आहे. खोडाला जखम झाली की ती बुजवण्यासाठी आणि बुरशी व किडींना दूर ठेवण्यासाठी झाड राळ स्रवते, त्यामुळे जीवपेशींवर परिणाम करू शकणारी टर्पीन वर्गातील संयुगे तिच्यात मोठ्या प्रमाणात साठलेली असतात. कच्चा माल स्वस्त आहे, हाताशी आहे आणि कर्करोगावर काम करणारी देशातील एक अग्रगण्य संस्था खारघरमध्ये आहे. तरीही असे बहुतेक प्रकल्प ‘संयुगाने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ या एकाच वाक्यावर येऊन थांबतात, आणि ते वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पुरेशा मात्रेत दिला तर कपडे धुण्याचा साबणही पेशी मारतो. राळेची ओळख पक्की आहे का, संयुग खरोखर शुद्ध आहे का आणि कोणत्या संहतीला, म्हणजे द्रावणातील किती प्रमाणाला, परिणाम दिसला, या तीन प्रश्नांवर प्रकल्पाचे मोल ठरते. त्यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे पेशींना हात लावण्यापूर्वीच तयार असावी लागतात. म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग पेशींच्या चाचणीपूर्वीच्या कामाला दिला आहे. उदाहरणासाठी सालई गुग्गुळ, म्हणजे बॉस्वेलिया सेराटा या झाडाची राळ घेतली आहे.

आधी काय माहीत आहे ते वाचावे

राळेपासून कर्करोगाचे औषध मिळू शकते का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. हिमालयात उगवणाऱ्या पोडोफायलम या वनस्पतीच्या मूलखोडापासून काढलेल्या राळेत पोडोफायलोटॉक्सिन हे संयुग असते आणि ते पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. मात्र ते स्वतः रुग्णाला पोटातून किंवा शिरेतून देण्याइतके सुरक्षित नव्हते. त्याच्या रेणूत बदल करून एटोपोसाइड तयार केले गेले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात आणि वृषणाच्या कर्करोगात ते आजही वापरले जाते. यातील खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एटोपोसाइडची कार्यपद्धती मूळ संयुगापेक्षा वेगळी निघाली. ते सूक्ष्मनलिकांऐवजी डीएनएची गुंतागुंत सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-२ या विकराला अडवते. मूळ राळ, तिच्यातील संयुग आणि त्या संयुगापासून बनवलेले औषध या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे भान प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदापासून दिसले पाहिजे.

सालईच्या राळेत बॉस्वेलिक आम्ले असतात. त्यांपैकी ॲसिटाइल-११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक आम्ल, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतले ‘एकेबीए’, यावर सर्वाधिक काम झाले आहे. ते ५-लायपॉक्सिजनेज या दाहाशी संबंधित विकराला रोखते आणि प्रयोगशाळेत अनेक प्रकारच्या कर्करोगपेशींची वाढ कमी करते. माणसांवरील पुरावा मात्र याहून खूपच मर्यादित आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत मेंदूतील गाठींसाठी किरणोपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांपैकी काहींना दररोज ४२०० मिलिग्रॅम सालई अर्क आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांमध्ये मेंदूची सूज ७५ टक्क्यांहून अधिक उतरली, दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे फरक दिसला तो सुजेत. या चाचणीचा उल्लेख ‘सालई कर्करोग बरा करते’ याचा पुरावा म्हणून केलेला अनेकदा आढळतो. विद्यार्थ्याने मूळ निबंध वाचावा आणि सूज व गाठ यांतील भेद आपल्या प्रस्तावात स्पष्ट लिहावा.

सालईहून वेगळ्या अशा खऱ्या गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन, गार्सिनिया हॅनबरीच्या राळेतील गॅम्बोजिक आम्ल आणि हिंगातील सेस्क्विटर्पीन कूमारिने हीही अभ्यासाची चांगली क्षेत्रे आहेत. खऱ्या गुग्गुळाचे झुडूप मात्र आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले असल्याने, लागवडीतील मालाची खात्री नसेल तर पहिल्या प्रकल्पासाठी ते टाळावे, असे माझे मत आहे.

माल कोठून घ्यावा आणि ओळख कशी पटवावी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानांत किंवा तुर्भे येथील बाजार समितीच्या मसाला मार्केटमध्ये चौकशी केली तर सालई, राळ, ऊद, लोबान, धूप अशा अनेक नावांखाली माल समोर येतो. यांपैकी बाजारात लोबान म्हणून मिळते ती वस्तू बहुधा स्टायरॅक्स या निराळ्या झाडाची असते, आणि राळ म्हणून जे मिळते ते सहसा साल वृक्षाचे, म्हणजे शोरिया रोबस्टाचे असते. या दोन्हींत बॉस्वेलिक आम्ले नसतात. व्यापारी फसवतोच असे नाही, धुपासाठी विकायच्या मालात त्याला एवढा काटेकोरपणा लागत नाही इतकेच. त्यामुळे दुकानाची पावती म्हणजे ओळख नव्हे. खरेदीची तारीख, ठिकाण, सांगितलेले नाव, रंग आणि वास नोंदवून मालाचा १०० ग्रॅम भाग हवाबंद बाटलीत जपून ठेवावा. प्रकल्प संपेपर्यंत, किंबहुना निबंध प्रसिद्ध होईपर्यंत, त्या बाटलीला हात लावू नये.

वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमकडे जाण्याचा रिवाज आहे आणि तो योग्यही आहे. पण तेथे पाने, फुले, फळे असलेला नमुना न्यावा लागतो, निव्वळ राळेच्या खड्यावरून प्रजाती सांगता येत नाही. सालईची झाडे सातपुड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांत आढळतात. तेथून वनविभागाच्या परवानगीने, झाडासह नोंद केलेली राळ मिळवता आली तर उत्तमच. ते शक्य नसेल तर रासायनिक ओळखीवर भिस्त ठेवावी लागते. त्यासाठी प्रमाणित बॉस्वेलिक आम्ले विकत घेऊन त्यांच्या शेजारी आपला अर्क टीएलसी पट्टीवर (मिश्रणातील घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणारी पातळ थराची पट्टी), आणि सोय असल्यास तिच्याच अधिक अचूक प्रकारावर, एचपीटीएलसीवर, चालवून पाहावा. इन्सेन्सोल ॲसिटेट हे संयुग आफ्रिकेतील बॉस्वेलिया पॅपिरिफेराचे ओळखचिन्ह मानले जाते. ते ठळकपणे दिसले तर माल आयात केलेला असण्याचा संशय घ्यावा.

एक सोपी चाचणी दुकानातून आल्याबरोबर घरीही करता येते. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, राळ पाण्यात विरघळत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळते, आणि सालई गुग्गुळात हे दोन्ही घटक असल्याने पाण्यात घोटल्यास दुधासारखे पांढरट मिश्रण तयार होते. जे पाण्यात पूर्ण विरघळते तो बाभळीसारख्या झाडाचा डिंक असणार, त्यावर पुढचे श्रम वाया घालवू नयेत.

अर्क आणि आम्ले वेगळी करणे

राळेचे खडे खलबत्त्यात कुटू लागले की घर्षणाच्या उष्णतेने ते मऊ पडतात आणि चिकटतात. ठाण्याच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तर त्यांचा गोळाच होतो. म्हणून खडे निवडून, साल आणि माती काढून, रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि बाहेर काढताच थोडे थोडे कुटावेत. पूड लगेच वापरावी.

सालईच्या राळेत साधारणपणे ३० ते ६० टक्के राळद्रव्य, ५ ते १० टक्के सुगंधी तेल आणि उरलेला भाग डिंकाच्या शर्करांचा असतो. ५० ग्रॅम पूड खोलीच्या तापमानाला मिथेनॉलमध्ये काही तास ढवळली की राळद्रव्य व तेल द्रावणात उतरते आणि डिंक तळाशी राहतो. गाळून घेतलेल्या चोथ्यावर हीच क्रिया आणखी दोनदा करावी आणि गाळून मिळालेली सर्व द्रावणे एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली, ४० अंश सेल्सियसच्या आसपास आटवावीत. येथे उष्णता वाढवून घाई करण्याचा मोह होतो, पण चिकट अर्कात द्रावक अडकून राहतो तो याच टप्प्यावर, आणि त्याचा त्रास पुढे पेशींच्या चाचणीत होतो.

आता आम्ले आणि उदासीन घटक वेगळे करायचे. कोरडा अर्क डायइथाइल ईथरमध्ये घेऊन तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे ३ टक्के जलीय द्रावणाबरोबर विभाजक नसराळ्यात हलवला की बॉस्वेलिक आम्लांचे क्षार बनून ती पाण्याच्या थरात जातात आणि तेल, अल्कोहोले वगैरे ईथरमध्येच राहतात. हे क्षार साबणाच्याच जातीचे असल्यामुळे दोन थरांमध्ये हट्टी फेस तयार होतो. जोराने हलवण्याऐवजी नसराळे हळूहळू उलटेसुलटे करावे आणि फेस बसत नसेल तर मिठाचे संपृक्त द्रावण थोडे घालावे. अल्कलीचा संपर्क थंड ठेवावा आणि लांबवू नये, कारण ॲसिटाइल गट तुटण्याचा धोका असतो आणि तसे झाले तर ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते एकेबीए हातातून जाऊन कीटो-बॉस्वेलिक आम्ल उरते. पाण्याचा थर वेगळा करून त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे. पीएच ३ च्या जवळ आला की पांढरट साका खाली बसतो. तो गाळून, धुतलेले पाणी उदासीन येईपर्यंत धुऊन, निर्वात कोरडा करावा. ईथर अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम धूरकक्षातच, आसपास बर्नर किंवा तापलेली प्लेट नसताना करावे.

हा साका म्हणजे आम्लांचे मिश्रण आहे. पुढे सिलिका जेलचा कॉलम लावून हेक्झेनमध्ये इथाइल ॲसिटेटचे प्रमाण ५ टक्क्यांपासून हळूहळू वाढवत नेले की ॲसिटाइल-बॉस्वेलिक आम्ले आधी आणि मुक्त हायड्रॉक्सिल गट असलेले कीटो-बॉस्वेलिक आम्ल शेवटी उतरते. कोणत्या परीक्षानळीत काय आले हे टीएलसीवर पाहताना एक बारकावा फार उपयोगी पडतो. ११-कीटो गट असलेली आम्ले २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली काळसर ठिपक्यासारखी दिसतात, कारण त्यांचे प्रकाशशोषण २५० नॅनोमीटरच्या आसपास आहे. कीटो गट नसलेली आम्ले २१० च्या आसपास शोषण करतात आणि त्या दिव्याखाली दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून पट्टी तापवावी लागते. केवळ दिव्यावर विसंबून ‘एकच ठिपका, म्हणजे शुद्ध’ असे लिहिलेले प्रकल्प मी वाचले आहेत. त्या पट्ट्यांवर फवारणी झाली असती तर कदाचित आणखी दोन ठिपके उमटले असते.

शुद्धता एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने, २१० आणि २५० अशा दोन्ही तरंगलांबींवर तपासावी आणि ती ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या पदार्थाला संयुग न म्हणता ‘समृद्ध अंश’ म्हणावे. महाविद्यालयात यंत्र नसेल तर महापे, रबाळे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात पैसे घेऊन चाचणी करून देणाऱ्या खासगी प्रयोगशाळांकडे विचारणा करता येते. ओळख शेवटी एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) आणि वस्तुमान वर्णपटाने पक्की होते. एकेबीएचे रेणुवस्तुमान ५१२.७ आहे, हा आकडा पुढच्या हिशेबात लागेल. बाजारातील तयार अर्काच्या डब्यावर ‘बॉस्वेलिक आम्ले ६५ टक्के’ असे लिहिलेले असते तेव्हा ते बहुधा अनुमापनाने, म्हणजे सगळी आम्ले एकत्र मोजून काढलेले असते. त्यावरून एकेबीए किती आहे ते कळत नाही. कीटो-बॉस्वेलिक आम्लावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची क्रिया करून एकेबीएचे उत्पादन वाढवण्याची पद्धत रूढ आहे आणि ती वापरण्यात गैर काही नाही, फक्त मग अहवालात ‘राळेतून वेगळे केलेले’ न लिहिता ‘अर्धसंश्लेषित’ लिहावे.

पेशींवरील चाचणी

खारघर येथील ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा स्मारक केंद्राची संशोधन व उपचार संस्था, येथे बाहेरील संशोधकांच्या संयुगांची मानवी कर्करोगाच्या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींवर, एसआरबी या रंगमापन पद्धतीने चाचणी करून देणारी सुविधा आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत आधी पत्रव्यवहार करावा, त्यांचा अर्ज, शुल्क आणि नमुन्याचे प्रमाण समजून घ्यावे आणि मगच नमुना पाठवावा. कोरडे एकेबीए गडद रंगाच्या घट्ट बाटलीत असेल तर ठाण्याहून पनवेल लोकलने ते स्वतः नेऊन देता येते, द्रावण करून मात्र नेऊ नये.

स्वतःच्या महाविद्यालयात पेशीसंवर्धनाची सोय असेल तर सेल लाइन पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून घ्यावी, शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी आणू नये. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि ती प्रत्यक्षात त्वचेच्या मेलॅनोमाची निघाली, तेव्हा तिच्यावर आधारलेल्या असंख्य निष्कर्षांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला.

एमटीटी ही चाचणी स्वस्त आणि सर्वत्र प्रचलित आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर करतात आणि त्या रंगाची तीव्रता मोजली जाते. अडचण अशी की वनस्पतींतील कित्येक संयुगे पेशींच्या मदतीवाचूनच एमटीटीचे रूपांतर घडवतात, काहींना स्वतःचाच रंग असतो. म्हणून चाचणीच्या प्लेटवरील पेशी नसलेल्या खळग्यांत केवळ माध्यम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रव), संयुग आणि एमटीटी घालून आलेले वाचन वजा करणे अनिवार्य आहे. एसआरबी पद्धतीत पेशींतील प्रथिनांना चिकटणारा रंग मोजतात, त्यामुळे हा दोष टळतो, आणि म्हणूनच राळेच्या संयुगांसाठी मी तिला पसंती देतो.

एकेबीए पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून माध्यमात अशा बेताने मिसळावे की डीएमएसओचे अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास राहील, आणि तितकेच डीएमएसओ संयुग न दिलेल्या पेशींनाही द्यावे. संयुग घातल्यावर खळगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. बारीक स्फटिक दिसले तर त्या संहतीचा आकडा खोटा आहे आणि तो आलेखात घेऊ नये. मात्रा ठरवताना १०, २०, ४०, ८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ही मालिका सर्रास घेतली जाते. कच्च्या अर्कासाठी ती ठीक आहे, शुद्ध संयुगासाठी मात्र १ मायक्रोग्रॅमच्याही खाली उतरावे. शुद्ध वनस्पतिजन्य संयुग लक्षवेधी ठरण्यासाठी ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आतला निकष संशोधनसाहित्यात वारंवार उद्धृत केला जातो, आणि १० पासून सुरुवात केली तर तो कधी मोजलाच जात नाही.

डॉक्सोरुबिसिनसारखे ज्ञात औषध प्रत्येक प्लेटवर असावे. कर्करोग नसलेल्या मानवी पेशींवरही तीच मालिका चालवावी, कारण दोन्ही प्रकारच्या पेशी सारख्याच मरत असतील तर आपल्या हाती विष लागले आहे, औषधाचा उमेदवार नव्हे. एका प्लेटवरील तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या द्रावणाने केलेले तीन प्रयोग असावेत. संगणकावर केलेल्या मॉलिक्युलर डॉकिंगचे (रेणू विकरात कसा बसेल याच्या अंदाजाचे) गुण जोडायचे असतील तर जोडावेत, पण संयुग विकराला प्रत्यक्ष अडवते असा अर्थ त्यांतून काढू नये.

आकड्याला रक्तातील आकडा भिडवून पाहावा

समजा, एकेबीएने २० मायक्रोमोलर संहतीला पेशींची वाढ निम्म्यावर आणली. २० ला ५१२.७ ने गुणले की मिलिलीटरमागे सुमारे १०,२५० नॅनोग्रॅम होतात. आता २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निरोगी पुरुषांवरील अभ्यास पाहावा. ७८६ मिलिग्रॅम सालई अर्क उपाशीपोटी घेतल्यावर रक्तातील एकेबीएची कमाल पातळी मिलिलीटरमागे सुमारे ६ नॅनोग्रॅम आणि स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यावर सुमारे २९ नॅनोग्रॅम आढळली. म्हणजे जेवणाबरोबर घेऊनही प्लेटमधील संहती रक्तातल्या पातळीच्या साडेतीनशे पट आहे. त्यात भर अशी, की बॉस्वेलिक आम्ले रक्तातील अल्ब्युमिनला घट्ट चिकटतात, आणि १० टक्के सीरम असलेल्या माध्यमात अल्ब्युमिन रक्ताच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे मुक्त संयुगाची तफावत याहूनही मोठी निघते.

हा हिशेब निराशेचा नाही, उलट येथूनच प्रकल्पाला स्वतःचा प्रश्न सापडतो. शोषण वाढवण्यासाठी मेदयुक्त वाहक वापरता येईल का, आतड्यासारख्या जेथे संयुग रक्तात न जाताही थेट पोहोचते अशा ठिकाणच्या पेशी निवडणे अधिक सयुक्तिक नाही का, पोडोफायलोटॉक्सिनप्रमाणे रेणूतच बदल करणे हा मार्ग आहे का, यांपैकी एक प्रश्न घेऊन प्रस्तावाचा रोख ठरवावा. चर्चेच्या प्रकरणात हे गुणाकार मांडलेला अहवाल परीक्षकांच्या हाती फार क्वचित पडतो.

अहवालाची भाषा आणि घरचे प्रश्न

शीर्षकात ‘कर्करोगावर उपाय’ किंवा ‘कर्करोग बरा करणारे’ असे शब्द नसावेत. ‘अमुक सेल लाइनवरील पेशीवाढरोधक परिणाम’ एवढेच लिहावे, कारण तेवढेच तपासले आहे. प्रकल्पाची माहिती पुढे एखाद्या उत्पादनाच्या जाहिरातीसाठी मागितली गेली तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे, हे मागणाऱ्याला सांगावे.

अशा प्रकल्पाची वार्ता सोसायटीत आणि नातेवाइकांत पसरली की कोणाची तरी मावशी किंवा काका केमोथेरपी घेत असतात आणि ‘थोडी पूड मिळेल का’ अशी विचारणा होते. प्रयोगशाळेतील नमुना कोणालाही देऊ नये. त्यात द्रावकाचे अंश असू शकतात आणि तो माणसांसाठी तपासलेला नसतो. बाजारातील खऱ्या गुग्गुळाच्या गोळ्यांबाबतही सावध करावे, कारण त्या गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांची रक्तातील पातळी घटल्याचे दिसून आले आहे आणि गुग्गुलस्टेरॉन यकृतातील औषधे मोडणाऱ्या ज्या विकरांची निर्मिती वाढवते, तेच विकर अनेक कर्करोगाच्या औषधांचेही विघटन करतात. रुग्ण आधीपासूनच काही घेत असेल तर गोळ्यांचा डबा, घेण्याची मात्रा आणि सुरुवातीची तारीख यांसह ती माहिती पुढच्या भेटीत उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांना द्यावी, आणि शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीचे पुढील आवर्तन त्याआधी ठरले असेल तर भेटीची वाट न पाहता दूरध्वनीवरून कळवावी.